ट्रॉलरला पाणी

तळ्याच्या खात्याचे साहेब बांधावर उभे राहून बोलले, तेव्हा त्रिविक्रम कमरेएवढ्या पाण्यात होता. वर यायला हवं होतं, पण ट्रॉलरच्या पंख्याला जलपर्णीची मुळं गच्च गुंडाळली होती आणि हातातली सोडली असती तर पुन्हा पहिल्यापासून उकलत बसावं लागलं असतं. म्हणून त्यानं साहेबांचं सगळं बोलणं पाण्यातूनच, मान वर करून ऐकलं.

"या हंगामापासून तळ्यावर तेल बंद," साहेब कन्नडात म्हणाले. "डिझेल नाही, रॉकेल नाही. पक्षी येतात, पाण्यावर तवंग दिसतो, तक्रारी आहेत. हातानं चालवा, नाहीतर बॅटरीवर चालवा."

"साहेब, हा ट्रॉलर आहे," त्रिविक्रम म्हणाला.

साहेबांनी ट्रॉलरकडे पाहिलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. पहिल्यांदा बघणारा बहुतेक माणूस हसायचाच.

कारण बेंगळुरात समुद्र नाही. हेब्बाळच्या पुढे, बळ्ळारीच्या रस्त्यापासून आत, होसकेरे नावाच्या तळ्यात हे मलप्याच्या समुद्रकिनाऱ्यावरचं मासेमारीचं धूड उभं होतं. त्रिविक्रमचे वडील अप्पासाहेब यांनी ते म्हातारं झाल्यावर विकत घेतलं आणि लॉरीवर चढवून, घाट ओलांडून इथवर आणलं. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून बघत होते म्हणे. अप्पासाहेबांना वेड लागलं असं सगळे म्हणाले, पण ते वेड नव्हतं. हे भोयांचं घर. शहाजीराजांच्या वेळी पालख्या उचलत इकडे आलो, असं घरात सांगतात. पालख्या गेल्या आणि खांदे जाळ्याला लागले. तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढजाळं ओढायला डझनभर माणसं लागायची, आणि भाऊबंदांतली माणसं एकेक करून कारखान्यात, बसमध्ये, नव्या वसाहतींच्या, लेआउटांच्या फाटकांवर पहाऱ्याला निघून गेली. मग जाळं ओढणार कोण? अप्पासाहेबांनी गेलेल्या माणसांच्या बदल्यात एक इंजिन आणलं. अप्पासाहेब गेल्यावर सुकाणूवर त्रिविक्रम आणि जाळ्यावर त्याची बायको हेमलता, एवढ्या दोघांत तळं उपसलं जायचं.

"पावसाळ्यात मी बी टाकलंय, साहेब," त्रिविक्रम म्हणाला. "कटला, रोहू. आता हाताएवढे झालेत."

"म्हणूनच सांगतोय. संक्रांतीनंतर मी येईन. माझ्यासमोर या बांधापासून त्या पाणी सोडायच्या तुंबापर्यंत जाळं ओढून दाखवा, तेलाशिवाय. जमलं तर मासे तुमचे, तळं तुमचं. नाहीतर तो आंध्राकडचा कंत्राटदार टोपलीसारख्या होड्या आणि माणसं घेऊन तयार बसलाय. मला कुणाला तरी द्यावंच लागेल."

साहेब गेले. त्रिविक्रमनं पंख्याची मुळं ओढली, ती मधेच तुटली आणि अर्धी आतच राहिली.

*

बॅटरीचा माणूस हेमलताला मिळाला. ती बळ्ळारीच्या रस्त्याकडेला टोपली मांडून बसायची. गिऱ्हाइकाशी कन्नडात गोड बोलायची आणि गिऱ्हाईक वळलं की मराठीत त्याचा उद्धार करायची. एका रविवारी अशीच पुटपुटत असताना स्कूटरवरचा एक चष्मेवाला खो-खो हसला.

"वहिनी, मला सगळं कळलं हं," तो म्हणाला.

तो सूर्यकांत गुप्ते. ठाण्याचा, पुण्यात शिकलेला, मल्लेश्वरमला एका माडीवर खोली घेऊन राहणारा. मासे खाणारं घर, त्यात एकटा जीव, त्यामुळे दर रविवारी येऊ लागला. मासे घ्यायला यायचा की मराठी ऐकायला, देव जाणे. माल उचलायच्या बॅटरीगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. हेमलतानं ट्रॉलरची अडचण सांगितली, तेव्हा त्याचे डोळेच चमकले.

"अहो, हे possible आहे! आमच्याकडे जुन्या गाड्या मोडीत निघतात. मोटर मिळेल, बॅटऱ्या मिळतील. करून बघू या ना, मजा येईल."

"मजा तुमची, साहेब," हेमलता म्हणाली. "आमचं पोट आहे."

तो ओशाळला. पण पुढच्या रविवारी मापं घ्यायची टेप घेऊन आला, आणि मग येतच राहिला.

आधी डिझेलचं इंजिन काढायचं होतं. तीन बांबू बांधून, साखळीची कप्पी लावून त्रिविक्रमनं ते उचललं. वीस वर्षं खाऱ्या आणि गोड्या पाण्यात मुरलेले बोल्ट फिरेनात. पाना सटकला की बोटाची सालटी निघायची. दोन बोल्ट छिन्नीनं तोडावे लागले. इंजिन निघालं तसा ट्रॉलरचा मागचा भाग वर उचलला गेला आणि पंखा अर्धा पाण्याबाहेर दिसू लागला. बांधावर बिंदुमाधव उभा होता. तो त्रिविक्रमचा चुलतभाऊ, लेआउटच्या फाटकावर खाकी घालून बसणारा.

"अण्णा, शेपूट वर केलं की यानं," तो म्हणाला.

"सुम्ने नुसता उभा राहू नकोस. येऊन हात लाव," त्रिविक्रम म्हणाला. बिंदुमाधवची ड्यूटी होती.

"वजन परत मागेच टाकू," सूर्यकांत म्हणाला. "बॅटऱ्या सगळ्या मागच्या बाजूला. शिसंच ते, इंजिनापेक्षा जड होईल."

टेंपो बांधाच्या चिखलात उतरेना. बॅटऱ्या रस्त्यावरच उतरवाव्या लागल्या. एकेक म्हणजे लोखंडी पत्र्यात बसवलेला डब्यांचा गठ्ठा. बांबूला दोरखंडानं टांगायचा, पुढे त्रिविक्रम, मागे सूर्यकांत. पहिल्याच खेपेला सूर्यकांतचा पाय घसरला आणि गठ्ठा झोके खाऊ लागला.

"पाय मोडेल की," मागून आवाज आला. त्रिविक्रमची आई अंबुबाई काठी टेकत आली होती. "दोघांचा डावा पाय एकदम नको. पुढचा डावा, मागचा उजवा. मी सांगते तसं चाला. हं... हां. हं... हां."

म्हातारी कडेकडेनं चालत पावलांचा ताल देऊ लागली आणि गठ्ठा झुलायचा थांबला. तिनं पालखी कधी पाहिलीही नव्हती. तिच्या सासऱ्यानं धान्याची पोती वाहताना म्हटलेलं तिला आठवत होतं, एवढंच. पण गुडघे दुखायला लागल्यापासून घरात तिला कुणी काही विचारत नव्हतं. जाळं विणायला नजर नाही, टोपलीवर बसायला पाठ नाही. त्या दिवशी ती खेपेखेपेला ताल देत राहिली आणि तिची पाठ सरळ दिसू लागली. सूर्यकांतच्या खांद्यावर मात्र लालभडक वळ उठला.

*

बॅटऱ्या तळाशी बसल्या. मोटर बसली, मोटरीपासून पंख्याच्या दांड्याला साखळी लागली. सूर्यकांत फळ्यांखाली उताणा पडून, तोंडात खिळे धरून साखळी ताणत होता. त्याच वेळी अंबुबाई पितळी लोटी घेऊन ट्रॉलरवर चढली.

या घरात होडीवर येणाऱ्या प्रत्येक वस्तूला पहिलं पाणी द्यायचं असतं. नवं जाळं असो, बांबू असो, टोपली असो, घरातली वडीलधारी बाई तळ्यातलं पाणी घेते आणि तिला पाजते. तळ्याची ओळख पटली पाहिजे. अप्पासाहेबांनी आणलेल्या इंजिनालाही तिनंच पहिलं पाणी दिलं होतं, आणि ते इंजिन थंड राहायला जन्मभर तळ्याचंच पाणी पीत आलं होतं. जाळ्याला, बांबूला तोंड नसतं म्हणून त्यांच्यावर नुसतं शिंपडायचं. मोटरीवर तिनं शिंपडलं. बॅटऱ्यांना मात्र प्रत्येक डब्यावर एकेक बूच होतं.

"आजी, बरं झालं आलात," फळ्यांखालून सूर्यकांतचा आवाज आला. "तुमच्याकडे एक काम आहे. या बॅटऱ्या चार्ज होताना पाणी पितात."

"पितात?" अंबुबाईनं विचारलं.

"भरपूर. रोज बुचं उघडून बघायचं. आतल्या पट्ट्या बुडालेल्या दिसल्या पाहिजेत. कमी वाटलं की घालायचं, विसरायचं नाही. पाणी मी आणून ठेवलंय, पांढऱ्या कॅनमध्ये."

"सरी, बरं," अंबुबाई म्हणाली. "मी बघते."

तिनं पदर खोचला, एकेक बूच फिरवून उघडलं आणि प्रत्येक डब्यात घोट-घोट पाणी घातलं. पुटपुटत, नाव घेत, कुणी वगळलं जाऊ नये म्हणून दोनदा मोजत. हेमलता शेजारीच जाळ्याची शिशाची गोळी बांधत होती. तिनं सासूला पाणी घालताना पाहिलं आणि वाकून नमस्कार केला.

पांढरा कॅन अंबुबाईनं जाळ्यांच्या खोपीत नीट ठेवला, वर फडकं झाकलं. पाहुण्यानं आणलेली वस्तू. पण दुकानातून विकत आणलेलं पाणी तळ्याकाठच्या घरात कोण वापरणार? तेवढी साधी गोष्ट तिला कुणी सांगावी लागत नव्हती आणि तिनंही कुणाला सांगितली नाही.

पहिल्या दिवशी ट्रॉलर असा चालला की त्रिविक्रमला भीती वाटली. आवाजच नाही. धूर नाही, थरथर नाही. तो सारखा मोटरीवर हात ठेवून बघत होता, ही चालू आहे की नाही. पाण्यावरच्या पेलिकनांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा मासे शोधायला लागले. ट्रॉलर तुंबापर्यंत गेला, जाळं ओढत परत आला, आणि हेमलता एवढ्या मोठ्यानं हसली की बांधावरच्या अंबुबाईला ऐकू आलं.

"आता कुणाला ओरडून सांगू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "इतकी वर्षं इंजिनाच्या आवाजात तुमी माझ्यावर ओरडत होता. आता हळू बोललं तरी ऐकू येतं."

त्रिविक्रमही हसला. तो त्या मोसमातला त्यांचा एकच चांगला दिवस.

*

पुढच्या आठवड्यात ट्रॉलर तुंबाच्या अलीकडे मंदावला. त्यानंतर मधल्या बाभळीपाशी. मग त्याच्याही अलीकडे. पंखा फिरता फिरता सुस्तावायचा, थांबायचा, आणि त्रिविक्रम लांब बांबू घेऊन ते धूड रेटत परत आणायचा. जलपर्णीत बांबू रुतायचा. तो उपसताना खांद्याच्या शिरा तटतटायच्या, तळहाताला फोड यायचे, फुटायचे आणि त्याच जागी पुन्हा यायचे. बांधावर बघायला माणसं जमायची. काम असलं की कुणी नसतं, फजिती असली की सगळ्यांना सवड असते.

"अण्णा, सेल संपले काय? टॉर्चमधले घाल की," बिंदुमाधव म्हणाला. या वेळी त्याची ड्यूटी नव्हती.

पहिला दोष विजेवर आला. वीज दिवसातून कितीदा जायची याला धरबंध नव्हता, आणि आली तरी बल्ब पिवळा असायचा. त्रिविक्रम चार्जरजवळ खाट टाकून पडू लागला. वीज गेली की शिवी, आली की उठून काटा बघायचा. विजेचा माणूस म्हणाला, लाइन बरोबर आहे. मग दोष चार्जरवर आला. सूर्यकांतनं चार्जर कारखान्यात नेऊन तपासला, तो चांगला निघाला. मग साखळी सैल केली, घट्ट केली. पंखा धुतला. काही म्हणता काही होईना.

सूर्यकांतनं आम्ल तपासायची काचेची नळी आणून डब्यांत बुडवली. आतला तरंगणारा फुगा तळाशीच बसला.

"चार्ज धरतच नाहीयेत," तो चष्मा पुसत म्हणाला. "कळत नाही. आजी, पाणी घालता ना?"

"रोज," अंबुबाई म्हणाली. "एक दिवस चुकलं नाही."

"नाही, तुमच्याबद्दल प्रश्नच नाही. पाणी काठोकाठ आहे. जरा जास्तच आहे." तो तिच्याकडे बघून हसला. "एवढी काळजी आमच्या कारखान्यात कुणी घेत नाही."

अंबुबाईनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं ऐकलं ना, एवढंच तिला बघायचं होतं.

डब्यांतून उतू गेलेलं आम्लाचं पाणी फळ्यांवर साचायचं. फळ्या काळ्या पडून भुसभुशीत झाल्या. हेमलताच्या लुगड्याला बारीक बारीक भोकं पडली. अंबुबाईच्या टाचांच्या भेगा झोंबायच्या, पण ती म्हणायची, तान्ह्या पोराला भरवताना ओकारी अंगावर येतेच.

संक्रांत झाली. तीळ-गूळ वाटायला हेमलताला गावात जावंसं वाटेना. साहेबांचा निरोप आला की पुढच्या सोमवारी पाहणी आहे. पाहणीच्या आदल्या शनिवारी ट्रॉलर बांधापासून हाकेच्या अंतरावर थांबला. सूर्यकांत ट्रॉलरवरच होता. त्रिविक्रमनं हातातला बांबू फळ्यांवर आपटला.

"भंगार आमच्या गळ्यात मारलंत तुमी," तो म्हणाला.

"त्रिविक्रमराव, मी स्वतः test करून..."

"कशाचं टेस्ट? तुमच्या फॅक्टरीला टाकून द्यायला जागा नव्हती, आमचं तळं मिळालं. तुमची मजा झाली. माझं इंजिन गेलं, फळ्या गेल्या, हंगाम गेला. आता तो टोपल्या घेऊन येणारा माझे मासे धरणार आणि मी बांधावर उभा राहून बघणार."

सूर्यकांतचे कान लाल झाले. बांधावर माणसं होती. त्याला पोहता येत नव्हतं, त्यामुळे रागावून निघूनही जाता येईना. त्रिविक्रम बांबू टाकत ट्रॉलर काठाला आणेपर्यंत त्याला तिथेच बसून राहावं लागलं. काठ आल्यावर तो उतरला, हत्यारांची पिशवी तिथेच टाकून स्कूटरकडे गेला. हेमलता मागून "साहेब, चहा तरी" म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. तिलाही तेच वाटत होतं, नवऱ्यानं फक्त ते तोंडावर सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी हेमलतानं पिशवी आणि कॅन उचलला. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून भांडण नको. बसमध्ये कंडक्टर जड कॅनवरून कटकट करत होता. मल्लेश्वरमला उतरून, पत्ता विचारत, चढ चढून माडीवर पोचेपर्यंत तिचा हात खांद्यातून निखळायला आला होता. रविवार होता, सूर्यकांत घरीच होता. त्यानं स्टूल पुढे केलं, कॅन हातात घेतला आणि तसाच उभा राहिला.

"वहिनी, हा भरलेला आहे."

"तुमचंच पाणी. कुणी हात लावला नाही."

"याचं सीलही तुटलेलं नाही." त्याचा आवाज बारीक झाला. "मग आजी रोज कुठलं पाणी घालतात?"

हेमलतानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. लोटी, पदर, एकेक बूच, रोजचं पुटपुटणं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलेलं होतं. ते बघून तिनं नमस्कारही केला होता.

"तळ्याचं," ती म्हणाली.

सूर्यकांत खाटेवर बसला. मग सांगू लागला, की बॅटरीत फक्त ऊर्ध्वपातन केलेलं, निव्वळ पाणी घालतात. विहिरीचं चालत नाही, नळाचंही नाही. त्यातले क्षार आतल्या पट्ट्या खातात. "मी सांगितलं नाही. कॅन दाखवला आणि मला वाटलं झालं. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं."

"आमच्याकडे पहिलं पाणी तळ्याचं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं," हेमलता म्हणाली. तिला त्याचा राग आला, सासूचा आला, स्वतःचा सगळ्यात जास्त आला. परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली तरी ती उभीच राहिली.

त्रिविक्रमला तिनं खोपीत गाठून सांगितलं. तो जाळ्याची गाठ मारत होता. गाठ पुरी केली, दात लावून दोरा तोडला, आणि उठून काठाकडे गेला. अंबुबाई ट्रॉलरवर होती. बुचं आखडली होती, ती पदरात धरून फिरवत होती आणि बॅटऱ्यांशी बोलत होती.

"पी. रुसू नकोस. सोमवारी माझ्या पोराची लाज राख."

"आव्वा," त्रिविक्रम म्हणाला.

"काय रे?"

तो बघत राहिला. तिच्या पायांवर आम्लाचे पांढरे डाग पडले होते.

"काही नाही. ऊन लागतंय, पदर घे डोक्यावर."

मग तो रस्त्यावरच्या फोनच्या टपरीवर गेला आणि सूर्यकांतला फोन लावला. "साहेब, माझं चुकलं" असं म्हणायचं ठरवून गेला होता. तोंडून निघालं ते एवढंच, "साहेब, या."

तो त्याच संध्याकाळी कॅन आणि नवं आम्ल घेऊन आला. अंबुबाई देवळात गेलेली बघून दोघांनी डबे रिकामे केले, कॅनच्या पाण्यानं खळबळून धुतले, नवं आम्ल भरलं. त्रिविक्रमच्या मनगटावर थेंब उडाला, तो हललाही नाही. निम्मे डबे तरीही मेलेलेच निघाले.

"अर्ध्यापर्यंत जाईल," सूर्यकांत म्हणाला. "पुढचं सांगता येत नाही. युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सुमारास आमच्याकडे आणखी एक संच मोडीत निघणार आहे, चांगला आहे. तेवढी मुदत मिळाली तर मी शपथेवर सांगतो, हा ट्रॉलर चालेल."

*

सोमवारी बांधावर जत्रेएवढी माणसं होती. आंध्राचा कंत्राटदार पांढऱ्या धोतरात, छत्री घेऊन आला होता. बिंदुमाधव रजा काढून आला होता. साहेब ट्रॉलरवर चढले, सूर्यकांत चढला, मागोमाग हट्टानं अंबुबाई चढली, लोटी घेऊन.

"आज दिलंय, आव्वा," त्रिविक्रमनं घाईनं सांगितलं.

"कुणी दिलं?"

"मीच दिलं."

अंबुबाईनं खाली पाहिलं. पांढरा कॅन फळीवर आडवा पडला होता, रिकामा. ती लोटी मांडीवर धरून बसली.

ट्रॉलर निघाला. हेमलतानं जाळं सोडलं. मधली बाभूळ जवळ आली, मागे पडली. जाळं जड होऊ लागलं. आत मासे होते, भरपूर होते. दोर हेमलताच्या तळव्यात करकचत होता आणि पाण्यावर रोहूंच्या पाठी लाल-काळ्या उसळत होत्या. त्यांना वाढवून, राखून, चोरांपासून जपून इथवर आणलं होतं. त्रिविक्रमचा हात मोटरीवर होता. मोटर तापली, मंदावली, आणि थांबली.

बांधावरून एक शिटी आली.

साहेबांनी थोडी वाट पाहिली. "कशानं थांबला?" त्यांनी विचारलं. "हे बघा, कारण ठाऊक असेल आणि दुरुस्त होणारं असेल तर मी युगादीपर्यंत थांबू शकतो. तेवढं माझ्या हातात आहे. पण यंत्रच टाकाऊ असेल तर नाही."

त्या ट्रॉलरवर कारण ठाऊक असलेली तीन माणसं होती. सूर्यकांतनं त्रिविक्रमकडे पाहिलं. हेमलतानं दोर तसाच धरून त्रिविक्रमकडे पाहिलं. आणि त्रिविक्रम बोलणार, एवढ्यात अंबुबाई उठली. तिनं रिकामा कॅन काठीनं ढोसला आणि मराठीत बोलू लागली.

"मला माहीत आहे कशानं थांबला. इतके दिवस मी माझ्या हातानं तळ्याचं पाणी पाजलं, तेव्हा स्वल्प स्वल्प का होईना, जात होता. काल मी देवळात गेले तेव्हा तुमी मला चोरून दुकानातलं पाणी घातलंत, आणि आज साहेबासमोर मान टाकली. तळ्यावर राहायचं आणि तळ्याचं पाणी नको? मला विचारायचं होतं. या घरात मला कुणी काही विचारत नाही."

तिचा आवाज चिरका झाला होता. पण पाठ ताठ होती.

"अज्जी काय म्हणतात?" साहेबांनी कन्नडात विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. त्रिविक्रमनं आईकडे पाहिलं. कन्नड तिला त्याच्याइतकीच कळत होती. जे बोलेल ते तिच्यासमोर बोलावं लागणार होतं, आणि बांधावर पोचायच्या आत सगळ्या गावाला कळणार होतं, की भोयांच्या म्हातारीनं पहिलं पाणी देऊन घर बुडवलं.

"म्हणते, बॅटऱ्या जुन्या होत्या," तो म्हणाला.

अंबुबाईनं चमकून पाहिलं. मग तिला वाटलं, पोरगा घरातली गोष्ट बाहेरच्याला सांगत नाही, आणि ती पुन्हा खाली बसली.

साहेबांनी सूर्यकांतकडे वळून इंग्रजीत विचारलं, "खरं आहे?" सूर्यकांतनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"होय," तो म्हणाला. "माझा अंदाज चुकला."

साहेबांनी मान हलवली. त्यांनाही बरं वाटलं नव्हतं, ते दिसत होतं. हेमलतानं हातातला दोर सोडून दिला. जाळं सैल पडलं, पाणी खळबळलं, आणि मासे तळ्यात परत गेले.

*

घरी आल्यावर हेमलता तीनदा बोलली. पहिल्यांदा म्हणाली, "आईची लाज राखलीत." दुसऱ्यांदा, भाकरी थापता थापता, "माझं काय राखलंत?" तिसऱ्यांदा काही शब्द नव्हते, तिनं तवाच चुलीवरून उतरवून अंगणात फेकला. त्रिविक्रमनं तो उचलून आणला, पुसला आणि परत चुलीवर ठेवला. ती बरोबर बोलत होती.

आठवड्याभरानं कंत्राटदाराची लॉरी बांधावर आली. टोपल्यांसारख्या गोल होड्या घरंगळत पाण्यात उतरल्या. आरडाओरडा करत माणसं चढली आणि पेलिकन उडून तुंबाकडे गेले. त्रिविक्रमला त्यांनीच रोजावर बोलावलं होतं. मासे कुठे बसतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो काठावर विजार वर दुमडत होता.

अंबुबाई काठी टेकत आली. फळ्या धरून ट्रॉलरवर चढली, बसली, आणि एकेक बूच उघडू लागली.

"आव्वा, आता कशाला?" त्रिविक्रम म्हणाला.

"त्या विकतच्या पाण्यानं घात केला," ती म्हणाली. "आता रोज तळ्याचंच देते. उठेल, बघ तू. पुढच्या हंगामाला उठेल. होय की नाही?"

कंत्राटदाराची माणसं त्याला हाका मारत होती. हेमलता टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून चालली होती. ती थांबली आणि बघू लागली.

"होय आव्वा," त्रिविक्रम म्हणाला.

"मग ही भरून दे. माझे गुडघे वाकत नाहीत."

त्यानं तिच्या हातातली लोटी घेतली, जलपर्णी बाजूला सारली, वाकून तळ्याचं पाणी भरलं आणि तिला दिली.